४८ फेऱ्या : किमोनंतर चालायचं म्हणतोय, संशोधनासाठी (पैसे नकोत, आधी सल्ला हवा)

फेरीबोट (रायबंदर) | ३ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. मी इथला जुना वाचनमात्र. गेलं वर्षभर तेही नव्हतो, त्याचं कारण एकदाच सांगून टाकतो म्हणजे पुढचं बोलता येईल. फेब्रुवारीत मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. तिसरी स्टेज. वय ५२. रक्त पडत होतं ते मूळव्याध समजून सहा महिने मलम लावत बसलो होतो, हे शहाणपण सर्वस्वी माझं. मार्चमध्ये ऑपरेशन झालं, एप्रिलअखेर किमो सुरू झाली, जुलैत संपली.

किमोबद्दल एकच सांगतो. सलाइनमधून जे ऑक्सालिप्लाटिन देतात, त्यानंतर काही दिवस थंड म्हणून काही सोसत नाही. मे महिना, गोव्यातला उकाडा, आणि माठातलं पाणी घशाखाली जाताना काचा गिळल्यासारखं वाटायचं. एकदा सवयीनं फ्रिजमधली कोथिंबिरीची जुडी काढायला हात घातला तर बोटांना असा झटका बसला की जुडी खाली आणि मी तिच्या शेजारी. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कितें रे मोडलें?" त्यानंतर तीन महिने घरात सोलकढीसुद्धा कोमट.

मला हे चार वेळाच सोसावं लागलं. पूर्वी आठ वेळा देत. चारच का, असं डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी कागदावर आकडे काढून दाखवले. २०१८ साली सहा चाचण्यांमधले १२,८३४ रुग्ण एकत्र धरून तपासलं गेलं, की सहा महिन्यांऐवजी तीनच महिने किमो दिली तर काय होतं. माझ्यासारख्या, त्यातल्या त्यात कमी धोक्याच्या गटात आणि मला दिलेल्या औषधांच्या जोडीत, तीन महिने जवळपास तितकेच चांगले निघाले. हातापायांच्या नसांचं नुकसान मात्र पुष्कळ कमी. म्हणजे कुठल्या तरी देशातल्या कुणीतरी चिठ्ठी टाकून ठरलेला कमी डोस घ्यायला होकार दिला, म्हणून माझ्या चार खेपा वाचल्या.

घरी येऊन हे डोक्यात फिरत राहिलं. औषध कमी दिलं तर चालेल का, हे शोधायला औषध विकणारा कशाला पैसे घालेल?

दुसरी गोष्ट २०२५च्या जूनमधली. आतड्याच्या कॅन्सरची किमो संपलेल्या ८८९ जणांचे दोन गट केले. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली माणसं. एका गटाला आरोग्याची पुस्तिका दिली, दुसऱ्याला तीन वर्षं मार्गदर्शक लावून व्यायाम करवून घेतला. व्यायाम म्हणजे बहुतेकांचं झपझप चालणंच. २००९ साली सुरू झालेलं हे काम छापून यायला २०२५ उजाडलं. आठ वर्षांनी पुस्तिकावाल्यांपैकी ८३.२ टक्के जिवंत होते, व्यायामवाल्यांपैकी ९०.३ टक्के. शंभरात सात माणसं जास्त. एखाद्या नव्या गोळीनं हे केलं असतं तर तिची किंमत काय असती, विचार करा. पण चालण्याचं पेटंट कुणाला मिळत नाही, म्हणून हा खर्च उचलायला कॅनडाची कॅन्सर सोसायटी लागली, आणि ती लोकांच्या वर्गणीवर चालते.

तर आता मी चालणार आणि अशा संशोधनासाठी थोडे पैसे उभे करणार. बेत असा : डिसेंबरच्या मध्यावर एक अर्धमॅरेथॉन (२१ किमी), आणि तोवर सराव म्हणून ३०० किमी. रायबंदर ते पणजीचा मिरामार किनारा आणि परत. देणगी मुंबईच्या टाटा मेमोरियलला द्यावी असं मनात आहे. हा बेत शहाणपणाचा आहे की मलमासारखाच, ते सांगा.

---

धावरा (ठाणे) | ३ नोव्हेंबर

दंडवत घ्या! टेरी फॉक्स आठवला. १९७७ साली हाडाच्या कॅन्सरमुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला, १९८० मध्ये कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला. १४३ दिवस, ५,३७३ किमी. दर कॅनडावासीयामागे एक डॉलर जमवायचा हे त्याचं स्वप्न, आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये ते पुरं झालं. तुम्ही पळाच. १६ आठवड्यांचा तक्ता व्यनि (खाजगी निरोप) करतो.

---

फेरीबोट | ३ नोव्हेंबर

धावरा, आभारी आहे, पण १६ आठवड्यांचा तक्ता सहा आठवड्यांत कसा बसवू? आणि टेरी फॉक्सचं नाव माझ्या शेजारी नको हो. तो २१ वर्षांचा होता आणि रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढं पळायचा. छातीत कॅन्सर पसरल्यावर थांबावं लागलं, पुढच्या जूनमध्ये गेला. मला पणजीतल्या अल्तिनोचा चढ चढतानाही मध्ये उभं राहून झाडं बघितल्याचं नाटक करावं लागतं.

---

वेखंड (मडगाव) | ४ नोव्हेंबर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, डॉक्टर नव्हे, हे आधी सांगते. काका, बेत मलमासारखाच आहे. रागावू नका.

१) पायाच्या बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणारच. ऑक्सालिप्लाटिनचा हा त्रास किमो संपल्यावरही काही महिने वाढत जाऊ शकतो. बधिर पायानं पळणं म्हणजे डोळे मिटून जिना उतरणं.
२) पोटाचं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेत. टाक्याच्या जागी हर्निया होऊ शकतो. सर्जनला तपासू दे आणि हिमोग्लोबिन बघून घ्या.
३) तुम्हीच सांगितलेल्या त्या अभ्यासात २१ किलोमीटर कुठेच नाही. त्यांनी लोकांकडून जे करून घेतलं ते साधारण असं : आधी जे करत होता त्याच्या वर, आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-पाऊण तास झपझप चालणं. तेवढंच. आणि ते तीन वर्षं. तिथेही व्यायामाच्या गटात सांधे-स्नायूंची दुखणी १८.५ टक्क्यांना झाली, दुसऱ्या गटात ११.५. म्हणजे पाऊण तासही अगदी फुकटात मिळत नाही.

एका दिवसाचा पराक्रम करून पुढे सहा आठवडे खाटेवर पडलात तर त्या ८८९ जणांनी शिकवलेलं उलटंच केलंत.

---

पोरसू (डिचोली) | ४ नोव्हेंबर

सगळं ठीक आहे, पण कडू बोलतो. संशोधनाला द्यायला सरकार आहे, टाटा आहेत. आमच्या बाजूच्या घरातला माणूस किमोला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातो. वाळपईच्या पुढून येणारे आणखी लोक त्याला तिथे भेटतात. औषधपाण्याचं होऊन जातं, पण दोन बसी बदलायच्या, सोबत एक माणूस, त्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. शंभर रुपये द्यायचे तर त्याला का देऊ नयेत? कॅनडातल्या माणसांना चालायला लावणाऱ्यांना का?

---

माडाखालची (म्हापसा) | ४ नोव्हेंबर

पोरसूला +१ आणि वेखंडला +१०. अवांतर : फेरीबोटबाब, तुमच्या आईला विचारलंत का? आमच्याकडे ऑपरेशन झालेला माणूस वर्षभर उंबऱ्याबाहेर पडला तर शेजारीण येऊन सासूला विचारते, "तो बरो मरे?"

---

फेरीबोट | ५ नोव्हेंबर

वेखंड, पकडलंत. दोन्ही पायांची बोटं बधिर आहेत, डाव्याची जास्त. मिरामारच्या वाळूत अनवाणी उभा राहिलो तर ओली कुठली आणि कोरडी कुठली ते बघून कळतं, पायाला कळत नाही. काल सर्जनना फोन केला. २१ किमी ऐकून ते आधी हसले, मग "चाला, पळू नका" म्हणाले. अर्धमॅरेथॉन रद्द.

नवा बेत : १२ आठवडे, आठवड्याला चार वेळा, दर वेळी पाऊण तास. एकूण ४८ फेऱ्या. किलोमीटर मोजणार नाही, कारण मोजले की मी हावरटपणा करणार. १० नोव्हेंबरच्या सोमवारपासून १ फेब्रुवारीपर्यंत.

पोरसू, तुमच्या प्रश्नावर रात्री बराच वेळ जागा होतो. तुमच्या शेजाऱ्याला बसभाडं द्यायलाच हवं, यात वाद नाही. पण माझा हिशेब बघा. तीन महिन्यांची किमो पुरते हे कुणी शोधलं नसतं, तर मला आठ वेळा बांबोळीला जावं लागलं असतं. वाळपईच्या माणसालाही आठ वेळा, सोबतच्या माणसाच्या आठ मजुऱ्या. शोधलं म्हणून चार. ज्यांना हे लागू पडतं त्या प्रत्येकाच्या चार खेपा वाचल्या आणि पुढेही वाचत राहतील. हे बसभाडंच आहे, आगाऊ भरलेलं.

आईला विचारलं नव्हतं. आज सांगितलं. "वाऱ्याक वचूं नाका" इतकंच म्हणाली, पण कपाटातून माझी जुनी कानटोपी काढून ठेवली आहे. पणजीत नोव्हेंबरमध्ये कानटोपी!

---

वेखंड | ५ नोव्हेंबर

हे झकास. फक्त वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : तीन महिन्यांचं ते सगळ्यांना लागू नाही. गाठ किती खोल गेली, किती ग्रंथींत पसरली, औषधं कुठली, यावर ठरतं. कृपा करून कुणी हा धागा दाखवून डॉक्टरांकडे "अर्धीच द्या" म्हणून अडून बसू नका.

---

पोरसू | ६ नोव्हेंबर

आगाऊ भरलेलं बसभाडं हे आवडलं, पण मी पटकन पाघळणारा माणूस नाही. मी फेरीमागे २५ रुपये ठेवतो, ४८ फेऱ्यांचे १,२००. ते मी शेजाऱ्याच्या सोबत्याला देणार, टाटाला नाही. चालेल?

---

फेरीबोट | ६ नोव्हेंबर

धांवेल! माझ्या चालण्यानं कुणाच्या तरी खिशातून पैसे निघाले म्हणजे झालं.

---

माडाखालची | ६ नोव्हेंबर

माझेही फेरीमागे २५, ते टाटाला. मात्र कानटोपीचा फोटो हवा. पण पैसे द्यायचे कसे? तुमच्या जीपेवर?

---

ज्येष्ठमध (पुणे, व्यवसायानं सीए) | ७ नोव्हेंबर

थांबा! स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. पैसे तुमच्या खात्यातून गेले तर पावती तुमच्या नावानं फाटणार, देणाऱ्याला काही मिळणार नाही, आणि उद्या खात्यात लोकांचे पैसे का आले याचं उत्तर तुम्ही देत बसणार. ज्यानं त्यानं थेट संस्थेला द्यावेत आणि इथे फक्त "दिले" असं लिहावं. संशोधनासाठीच हवे असतील तर तसं संस्थेला आधी विचारून, लेखी कळवूनच द्या.

देणगीवरची करसवलत जुन्या करपद्धतीत आहे, नव्या पद्धतीत नाही. दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर जुन्यातही नाही.

आणि तुम्ही गोव्याचे म्हणून मुद्दाम विचारतो, परदेशातले नातेवाईक देणार आहेत का?

---

फेरीबोट | ७ नोव्हेंबर

बरं विचारलंत! मावसभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. काल रात्रीच शंभर पौंड देतो म्हणाला.

---

ज्येष्ठमध | ७ नोव्हेंबर

पासपोर्ट कुठला?

---

फेरीबोट | ७ नोव्हेंबर

पोर्तुगीज. गोव्यात हा प्रश्न विचारायचा नसतो हो :)

---

ज्येष्ठमध | ७ नोव्हेंबर

वाटलंच. मग तो कायद्यानं विदेशी स्रोत. ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं) असलं तरीही. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी धरत नाहीत, पण पासपोर्ट बदलला की एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांचा कायदा, लागतो. ज्या संस्थेची तशी नोंदणी आहे तिच्याच विदेशी देणगीच्या खात्यात त्यानं द्यायचे. ते खातं दिल्लीला, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत असतं. "मी तुला पाठवतो, तू माझ्या नावानं भर" हा मार्ग अजिबात नको.

---

फेरीबोट | ८ नोव्हेंबर

मावसभावाला कळवलं. म्हणाला, "आतड्यापेक्षा तुझी कागदपत्रं कठीण." तो तिथल्या तिथे, इंग्लंडातल्या कॅन्सर संशोधनाला देणार आहे. हरकत नाही. माझ्या चार खेपा कुठल्या देशाच्या पैशानं वाचल्या ते तरी मला कुठे ठाऊक आहे?

---

फेरीबोट | ३० नोव्हेंबर

तीन आठवडे, १२ फेऱ्या, एकही चुकली नाही. सविस्तर लिहितो, कारण आज रविवार आहे आणि घरात खतखतें शिजतंय.

सकाळी सव्वासहाला धक्क्यावरून निघतो. पलीकडच्या चोडण बेटावरून पहिल्या फेरीबोटींनी आलेली माणसं तेव्हा उतरत असतात, दुधाचे कॅन, शाळेची मुलं. मग पोंत द लिन्यारिश. बाहेरच्यांसाठी : रायबंदर आणि पणजी जोडणारा हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध-पूल पोर्तुगिजांनी १६३०च्या दशकात बांधला, आणि अजून त्याच्यावरून बस जाते. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं नि खारफुटी. बगळे इतके जवळ असतात की त्यांना माझी धाप ऐकू येत असावी. पाऊण तासाचा निम्मा होईतो जायचं आणि फिरायचं. पहिल्या आठवड्यात पूल संपायच्या आत घड्याळ मागे फिर म्हणायचं. आता पाटोचा पूल दिसतो. मिरामार राहिलं स्वप्नात, आणि इफ्फीच्या (चित्रपट महोत्सवाच्या) दिवसांत तिकडे पाय ठेवायला जागाही नव्हती.

झपझप म्हणजे किती, तर वेखंडनी व्यनित सांगितलं : बोलता यावं, गाता येऊ नये. मी मुळात गाऊ शकत नाही, त्यामुळे अभंगाची एक ओळ म्हणून बघतो. पूर्ण झाली तर वेग वाढवायचा.

या आठवड्यात मात्र मी एकटा नाही. जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट झेवियरचा सण, ३ डिसेंबरला. नोव्हेना (आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू झाल्यापासून सायबाच्या, म्हणजे झेवियरच्या, दर्शनाला चालत जाणारे रोज पहाटे रायबंदरमधून जातात. कुणी रात्रभर चालून आलेले असतात. माझा रस्ता त्यांच्या उलट. काल एका आजीनं थांबवलं, "बाबा, तूं चुकलो, इगर्ज (चर्च) थंय!" मी पोटावर हात ठेवून ऑपरेशनचं सांगितलं. तिनं माझ्यासाठी मेणबत्ती लावते म्हणून नाव विचारून घेतलं. आमच्याकडचे लोक पंढरपूरला पायी जातात तेव्हा आम्हीही त्यांच्याकडे असंच नाव देतो की. फेस्ताच्या दिवशी त्यांच्याच बाजूनं, जुन्या गोव्याकडे चालायचं ठरवलंय.

---

फेरीबोट | ६ डिसेंबर

घोळ झाला. कबुली देतो.

३ तारखेला गर्दीच्या उत्साहात पाऊण तासाचे दोन तास झाले. जाऊन येऊन. मजा आली, काही दुखलं नाही. घरी येऊन मोजे काढले तर डावा मोजा टाचेपासून करंगळीपर्यंत लाल. बूट उलटा केला तर आतून शिंपल्याचा तुकडा पडला, नखाएवढा. मागच्या रविवारी मिरामारला बायकोबरोबर वाळूत बसलो होतो, तिथला असणार. म्हणजे तो तीन दिवस बुटात होता आणि त्या दिवशी दोन तास तळव्यात घुसत होता. मला काही म्हणजे काही कळलं नाही. सगळ्यात भीती त्याचीच वाटली. रक्ताची नाही, न दुखण्याची.

डॉक्टरांनी जखम साफ केली, इंजेक्शन दिलं, दहा दिवस चालणं बंद. आईनं कानटोपी परत कपाटात ठेवली. बोलली काहीच नाही, ते जास्त लागलं.

---

वेखंड | ६ डिसेंबर

दोन तासांबद्दल मी बोलत नाही, तुमचं तुम्हाला कळलंय. इथून पुढे मधुमेहाचे पेशंट करतात तसंच : बूट घालण्याआधी उलटा करून आपटायचा, मग आत हात घालून चाचपायचा. हातानं, पायानं नव्हे. मोजे पांढरे, म्हणजे डाग दिसतो. घरी आल्यावर तळवे आरशात बघायचे, नाहीतर वहिनींना दाखवायचे. मिरामारच्या वाळूला अनवाणी आणि चप्पल दोन्ही बंद.

---

धावरा | ७ डिसेंबर

काका, मी व्यनि केलेला तक्ता फाडून टाका. माझेही फेरीमागे ५० धरा. दुखापतीच्या दिवसांचेसुद्धा.

---

फेरीबोट | ७ डिसेंबर

त्या दिवसांचे घेणार नाही. झालेल्या फेऱ्यांचेच. आणि ३ तारखेची ती एकच धरायची, दोन नाहीत. (आमचं ऑफिस असतं तर ओव्हरटाइम लावला असता.)

---

फेरीबोट | २ फेब्रुवारी

काल संपलं. ४८ पैकी ४२ फेऱ्या. सहा त्या शिंपल्यानं खाल्ल्या.

हिशेब : माडाखालची, १,०५०, दिले. धावरा, २,१००, दिले. पोरसूंनी १,०५० सोबत्याच्या हातात ठेवले आणि वर दोन वेळा स्वतःच्या गाडीनं पेशंटला बांबोळीला सोडलं, हे त्यांनी मला फोनवर सांगितलं. इथे लिहू नका म्हणाले होते, पण लिहितो. ऑफिसातले सातजण मिळून ५,२५०. ज्येष्ठमध यांनी आकडा न सांगता दिले आणि पावती मात्र नीट फाइल केली असणार. आम्हा दोघा नवराबायकोचे ४,२००. फार मोठी रक्कम नाही. एवढ्यात एक चाचणी तर सोडाच, चाचणीची स्टेशनरीही येत नसेल.

जानेवारीतलं सीईए (कॅन्सर परतला का ते बघायची रक्ततपासणी) नॉर्मल आहे. वर्ष पुरं होतंय म्हणून पुढच्या महिन्यात कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीनं तपासणी). आदल्या दिवशी प्यायचं ते औषध आठवूनच पोटात ढवळतं. डाव्या पायाची बोटं अजून तशीच. उजव्याच्या अंगठ्याला मात्र परवा न्हाणीघरात फरशी गार लागली. दोनदा पाय ठेवून खात्री केली.

---

आबोली (फोंडा) | ३ फेब्रुवारी

पहिल्यांदाच लिहितेय. बाबांचं तेच ऑपरेशन, तेच औषध, शेवटचं सलाइन मागच्या आठवड्यात झालं. ते खुर्चीतून उठत नाहीत. चालायला चला म्हटलं की म्हणतात, आता कशाला. तुमचा धागा वाचून दाखवला. शिंपल्याच्या गोष्टीवर पहिल्यांदा हसले. त्यांना किती चालवू?

---

फेरीबोट | ३ फेब्रुवारी

आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि रक्त तपासून घ्या. शेवटच्या सलाइननंतर दोनेक आठवडे मी फक्त न्हाणीघर ते बाल्कनी करत होतो, आणि दुपारी पेज पिऊन झोपायचो. नंतर पाच मिनिटं, मग दहा. गार पाणी देऊ नका, सकाळच्या गार वाऱ्यात तोंडावर रुमाल असू दे, तेवढ्यापुरतं आईचं वाऱ्याचं म्हणणं बरोबर होतं.

माझ्या सोमवारच्या फेऱ्या चालूच आहेत. जमायला लागलं की बाबांना घेऊन सव्वासहाला रायबंदरच्या धक्क्यावर या. अर्ध्या पुलावरून परत फिरू. बूट मी आपटून देतो.